मूत्रवाहिनीत गाठ निघालीय? आधी ‘कुठं आहे’ ते विचारा

तात्यांच्या लघवीतून रक्त जातंय हे आम्हाला कळलं ते नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटच्या पांढऱ्या कमोडमुळे. तात्या म्हणजे माझे सासरे. निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग, तेव्हा वय एकाहत्तर, आणि विशीपासून ओढलेली बिडी. चैत्रात खरड छाटणी चालू असताना त्यांना पहिल्यांदा लघवी लालसर दिसली होती. ‘उन्हाळी लागली’ म्हणत धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायले, दोन दिवसांत रंग गेला, विषय मिटला. आषाढात पुन्हा तेच. बांधावरच्या मातीत लाल काय दिसणार? आणि दिसलं तरी सुनेला सांगायचं कसं? श्रावणात नातीच्या वाढदिवसाला मुक्कामी आले. सकाळी मी बाथरूममध्ये गेले, तर फ्लश अर्धवट झालेला आणि भांड्यात कोकम सरबतासारखं पाणी.

त्याला आता दोन वर्षं झाली. ज्यांच्या हातात कालपरवाच ‘यूरेटरमध्ये ग्रोथ’ असं लिहिलेला रिपोर्ट पडलाय आणि ज्यांना पुढं काय होणार याची काहीच कल्पना नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर दहा मिनिटं मिळतात, त्यात काय विचारायचं हे ठाऊक असलं तर बरंच पदरात पडतं. आम्ही पहिल्या भेटीत विचारलं, ‘केवढी आहे?’ डॉक्टर म्हणाले, ‘दीड सेंटिमीटर.’ सगळ्यांना हायसं वाटलं. खरं तर आमचा प्रश्नच चुकला होता. ती नळीत नेमकी कुठं बसलीय, यावर पुढचं निम्मं ठरणार होतं.

आधी नळीची ओळख

प्रत्येक किडनीतून एक नळी निघते आणि खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत उतरते. हीच मूत्रवाहिनी; दवाखान्यात सगळे यूरेटर म्हणतात. मोठ्या माणसात ती २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, म्हणजे दप्तरातल्या मोठ्या फूटपट्टीएवढी. आतली वाट मात्र जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरची. ही नुसती उताराची नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू असतात, ते मिनिटाला काही वेळा लाटेसारखे आवळतात आणि लघवी पुढं ढकलतात. आडवं झोपलं तरी पिशवी भरते ती त्यामुळे.

या नळीचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग करतात. किडनीपासून कमरेच्या मागच्या त्रिकास्थीच्या वरच्या काठापर्यंत वरचा, त्या हाडासमोरून जातो तो मधला, आणि तिथून ओटीपोटातून पिशवीपर्यंत खालचा.

आतल्या अस्तराची गोष्ट जरा सावकाश समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांचं कारण त्यात आहे. किडनीतून निघणारी लघवी आधी एका नरसाळ्यासारख्या भागात गोळा होते. त्या नरसाळ्याला, मूत्रवाहिनीला आणि पिशवीला आतून एकच सलग अस्तर असतं. मूत्रवाहिनीतल्या बहुतेक गाठी याच अस्तरातून उगवतात आणि त्यांना यूरोथेलियल कार्सिनोमा म्हणतात. अस्तर एकच असल्यामुळे एका जागी गाठ निघाली की बाकीच्या जागीही संशयानं बघावंच लागतं. या अस्तराच्या शंभर कर्करोगांत नव्वद ते पंच्याण्णव पिशवीत होतात, पाच ते दहाच वरच्या बाजूला. त्यातही नरसाळ्यात जितके होतात त्याच्या साधारण निम्मेच मूत्रवाहिनीत. एवढा दुर्मीळ आजार गावच्या डॉक्टरांना पटकन सुचला नाही तर नवल नाही; त्यांच्याकडे रोज मूतखडेवालेच येतात.

आता मूळ प्रश्न. मूत्रवाहिनीत या गाठी कुठं होतात? शंभरातल्या सुमारे सत्तर खालच्या भागात, पंचवीसेक मधल्या भागात आणि पाचच्या आसपास वरच्या भागात.

हे तात्यांना ठिबकच्या भाषेत लगेच कळलं. सबमेन म्हणजे मोठ्या पाइपमधून लॅटरल, म्हणजे झाडांपाशी जाणारी बारीक नळी निघते. गाळ, शेवाळ सगळं वाहत वाहत शेवटाकडे जातं आणि तिथलेच ड्रिपर आधी तुंबतात. म्हणून तर आपण एंड कॅप काढून नळी फ्लश करतो. गाठी खालीच जास्त का, याचं एक कारण असंच काहीसं मानतात: वर बिघडलेल्या पेशी सुटतात, लघवीबरोबर खाली येतात आणि खालच्या अस्तरावर रुजतात. पण उपमा इथंच सोडलेली बरी. गाळ फ्लश केला की जातो, ही गाठ पाणी पिऊन पिऊन वाहून जात नाही. आमच्याकडे एका पाहुण्यांनी रोज पाच लिटर पाण्याचा सल्ला दिला होता आणि तात्यांनी तो आठवडाभर मनापासून पाळलासुद्धा.

सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात. फायब्रोएपिथेलियल पॉलिप नावाची साधी गाठ असते. ती बहुधा तरुण माणसात आणि नळीच्या वरच्या भागात सापडते. म्हणजे इथंही जागा आणि वय काहीतरी सांगतच असतात.

पायरी १: रक्त दिसलं त्या दिवशी

उन्हाळी लागते तेव्हा जळजळ होते, थेंब थेंब होते. तात्यांना यातलं काहीच नव्हतं, फक्त रंग. न दुखता येणारं रक्त हेच या आजाराचं सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहे. दहातल्या सात-आठ जणांत तेच असतं. ते येतं, आपोआप थांबतं, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत येतं. रक्त थांबलं ते धन्या-जिऱ्यानं थांबलं असं आपण धरून चालतो. चाळिशीपुढच्या माणसाला एकदा जरी डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं, तरी यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगाच्या डॉक्टरकडे जायचं. मूतखडा निघाला तर उत्तमच.

जाताना तीन गोष्टी बघून ठेवा. रंग सुरुवातीच्या धारेत होता, शेवटी होता की पूर्ण वेळ? वरून, म्हणजे किडनी किंवा नळीतून आलेलं रक्त बहुधा पूर्ण धारेत मिसळलेलं असतं. गुठळ्या होत्या का, आणि कशा? नळीतून उतरलेली गुठळी कधी कधी गांडुळासारखी लांबट असते; तात्यांनी अशी एक पाहिली होती आणि पोटात जंत झाले असं समजून गप्प बसले होते. तिसरं, बरगडीखाली पाठीच्या एका बाजूला जडपणा किंवा कळ होती का? नळी तुंबून किडनी फुगली की असं दुखतं. पण हळूहळू तुंबली तर अजिबात दुखत नाही, म्हणून न दुखण्यावर भरवसा ठेवू नका.

डॉक्टर बिडी-सिगारेटबद्दल विचारतील. पेशंटनं नातेवाइकांसमोर खोटं सांगू नये म्हणून आपणच दोन मिनिटं बाहेर जाऊन उभं राहावं. तंबाखूचा धूर हे या आजाराचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण आहे. रंगाच्या किंवा रबराच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलं असेल तर तेही सांगा. घरात जवळच्या नात्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग कमी वयात झालेला असेल तर आवर्जून सांगा. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात मूत्रवाहिनीतल्या गाठीही होतात. आणि जडीबुटी घेतली असेल तर तिचं नाव सांगा. आपल्याकडे सर्पदंशावर गावठी औषध म्हणून वापरतात ती सापसंद, म्हणजे ईश्वरी, हिच्या कुळातल्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते किडनी खराब करतं आणि नेमक्या याच अस्तराचा कर्करोग घडवतं.

पायरी २: लघवी, रक्त, सोनोग्राफी

लघवीची साधी तपासणी आणि रक्तातलं क्रिएटिनिन पहिल्याच दिवशी होतं. किडनी नीट काम करत नसली की हे क्रिएटिनिन वाढतं. क्रिएटिनिनचा आकडा पाठ करून टाका, पुढं प्रत्येक जण विचारतो.

लघवीची सायटोलॉजी वेगळी असते. त्यात लघवीतून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. इथं बरेच जण एक चूक करतात: सकाळी उठल्या उठल्याची पहिली लघवी घेऊन जातात. या तपासणीला ती चालत नाही, रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब झालेल्या असतात. नंतरची ताजी लघवी द्यायची, आणि बहुधा तीन वेगवेगळ्या दिवशी. रिपोर्टात काही निघालं नाही म्हणून सुटलो असं नाही. संथ वाढणाऱ्या गाठी या तपासणीतून बऱ्याचदा निसटतात.

सोनोग्राफीनं आमची तीन आठवडे दिशाभूल केली. म्हणजे तिचा दोष नव्हता. डावी किडनी फुगलेली दिसली, नळीचा वरचा भागही फुगलेला, खालचं काही दिसेना, कारण मधे आतड्यातला वायू येतो. रिपोर्टात लिहिलं, ‘खालच्या भागात खडा असण्याची शक्यता’. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी ‘शक्यता’ हा शब्द गाळून खड्याच्या गोळ्या सुरू केल्या. मीही तो शब्द वाचला होता आणि गाळला होता. किडनी फुगलीय पण प्रत्यक्ष खडा कुणी पाहिलेला नाही, असं असेल तर तिथंच थांबून विचारा: मग अडवलंय कशानं?

पायरी ३: सीटी युरोग्राफी

या आजारासाठी मुख्य तपासणी ही. साध्या सीटीत आणि हिच्यात फरक आहे, तेव्हा चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघून घ्या. एकाच वेळी तीन टप्प्यांत फोटो काढतात. पहिला औषधाविना, त्यात खडा असेल तर पांढरा ठळक दिसतो. एक्स-रेत न दिसणारे युरिक ॲसिडचे खडेसुद्धा सीटीत दिसतात. मग शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उजळ दिसणारं औषध देऊन दुसरा. नंतर थोडं थांबून तिसरा, जेव्हा ते औषध किडनीतून गाळून नळीत उतरलेलं असतं आणि पूर्ण नळी पांढऱ्या रेघेसारखी उजळते. गाठ असेल तिथं ती रेघ कुरतडल्यासारखी दिसते.

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट असल्याशिवाय कॉन्ट्रास्ट देत नाहीत. पेशंट मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असेल तर ती थांबवायची का, हे आदल्या दिवशीच विचारा. दमा किंवा आधी कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आली असेल तर सांगा. सुई दिल्यावर अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. तात्यांना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते मशीनमध्ये ओशाळून गेले होते. क्रिएटिनिन जास्त असेल तर एमआर युरोग्राफीचा, म्हणजे एमआरआयवर केलेल्या याच तपासणीचा पर्याय असतो.

पायरी ४: रिपोर्ट वाचायचा कसा

रिपोर्ट घरी आल्यावर शेवटच्या दोन ओळींवर उडी मारू नका. आमच्या रिपोर्टातलं वाक्य देवनागरीत लिहायचं तर असं होतं: ‘एनहान्सिंग सॉफ्ट टिश्यू लीजन इन लेफ्ट डिस्टल यूरेटर, विथ अपस्ट्रीम हायड्रोयूरेटरोनेफ्रोसिस’. एकेक शब्द सोडवू. सॉफ्ट टिश्यू म्हणजे मांसल, खडा नव्हे. एनहान्सिंग म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर उजळली, अर्थात तिला रक्तपुरवठा आहे; नुसती रक्ताची गुठळी अशी उजळत नाही. लेफ्ट म्हणजे डावी. डिस्टल म्हणजे पिशवीजवळचा, खालचा भाग. प्रॉक्झिमल लिहिलं असेल तर वरचा, मिड म्हणजे मधला. शेवटचा लांबलचक शब्द म्हणजे अडथळ्याच्या वरची नळी आणि किडनी फुगलीय.

पीयूजे आणि व्हीयूजे ही अक्षरंही भेटतील. पीयूजे म्हणजे किडनीच्या नरसाळ्याला नळी जुळते ती जागा, व्हीयूजे म्हणजे नळी पिशवीत शिरते ती. फिलिंग डिफेक्ट म्हणजे उजळलेल्या रेघेतली रिकामी जागा. तिथं काहीतरी बसलंय एवढंच तो शब्द सांगतो; ते गाठ, गुठळी किंवा आणखी काही असू शकतं. नळीची भिंत जाड झालीय असं लिहिलं असेल तर आपल्याकडे डॉक्टर क्षयाचाही विचार करतात. म्हणून सीटीवरून कर्करोग पक्का धरून नातेवाइकांना फोन लावत बसू नका.

मी एका कोऱ्या कागदावर दोन किडन्या, दोन नळ्या आणि पिशवी काढली आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवून म्हटलं, यावर फुली मारून द्या. त्यांनी फुली मारली, शेजारी ‘पिशवीपासून ३ सेंमी’ असं लिहिलं. तो कागद अजून फाइलच्या पहिल्या पानावर आहे. जिथं जिथं गेलो तिथं तो कागद रिपोर्टच्या आधी बघितला गेला.

पायरी ५: दुर्बीण आणि तुकडा

दोन दुर्बिणी असतात, गोंधळ करू नका. पहिली पिशवीची, सिस्टोस्कोपी. गाठ नळीत असली तरी ही करावीच लागते, कारण अस्तर एकच. साधारण सहा पेशंटमागे एकाच्या पिशवीतही त्याच वेळी गाठ सापडते. दुसरी बारीक दुर्बीण नळीत वर जाते, तिला यूरेटेरोस्कोपी म्हणतात. तिनं गाठ डोळ्यांनी बघतात आणि तुकडा काढून तपासणीला पाठवतात. बाहेरून पाठीतून सुई घालून तुकडा घेणं या आजारात सहसा टाळतात, सुईच्या वाटेनं पेशी सांडण्याची भीती असते.

तुकडा अगदी मोहरीएवढा असतो. त्यावरून ग्रेड बऱ्यापैकी कळते, म्हणजे पेशी लो ग्रेड, संथ आहेत की हाय ग्रेड, आक्रमक. गाठ भिंतीत किती खोल गेलीय ते मात्र एवढ्याशा तुकड्यावरून नीट सांगता येत नाही. नळीची भिंत पातळ असते, त्यामुळे पिशवीतल्या गाठींपेक्षा या गाठी सापडेपर्यंत जास्त वेळा खोल गेलेल्या असतात. उशीर परवडत नाही तो यासाठी.

दुर्बिणीनंतर बऱ्याचदा आत डीजे स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. तो असेपर्यंत वारंवार लघवीला लागणं, थोडं रक्त जाणं चालायचंच. स्टेंट घातल्याची आणि काढायची तारीख फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा. विसरलेला स्टेंट आत खडे धरतो आणि मग त्याचंच वेगळं ऑपरेशन होऊन बसतं.

पायरी ६: उपचार ठरतात तेव्हा

वॉर्डात तात्यांच्या शेजारच्या खाटेवर चांदवडकडचे एक काका होते. त्यांची गाठ तात्यांपेक्षा लहान, एक सेंटिमीटरची. दोघांच्याही हाय ग्रेड. काकांची किडनी, पूर्ण मूत्रवाहिनी आणि ती पिशवीत शिरते तिथला पिशवीचा छोटा वर्तुळाकार भाग, एवढं सगळं काढलं. तात्यांची किडनी राहिली. काकांच्या मुलाला वाटलं आपल्याला काहीतरी चुकीचं सांगितलंय. चुकीचं काही नव्हतं. काकांची गाठ किडनीच्या तोंडाशी होती, तात्यांची पिशवीजवळ.

गाठ खालच्या भागात असेल तर काही पेशंटमध्ये तेवढा भाग पिशवीच्या तोंडासकट कापून वरची नळी पुन्हा पिशवीत जोडता येते. नळी आखूड पडली तर पिशवी वर ओढून कमरेच्या स्नायूला टाके घालून धरतात. आणखी आखूड पडली तर पिशवीच्याच भिंतीची पट्टी काढून तिची नळी वळतात. तात्यांना मधुमेह, क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, म्हणून डॉक्टरांनी किडनी वाचवण्याची ही वाट धरली. मधल्या भागातली लहान, संथ गाठ असेल तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडणं किंवा दुर्बिणीतून लेझरनं जाळणं शक्य असतं. वरच्या भागात किंवा नरसाळ्यात हाय ग्रेड गाठ असेल आणि दुसरी किडनी चांगली असेल, तर बहुधा किडनीसकट सगळं काढतात.

‘मग निदान खालची चांगली नळी तरी ठेवा की’ असं काकांच्या मुलानं विचारलं होतं, आणि हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मागं राहिलेल्या थोटक्यात पुन्हा गाठ येते, आणि किडनीच नसल्यामुळे तिथून लघवी वाहत नाही, तेव्हा ती लवकर कळतही नाही. म्हणून पिशवीच्या तोंडापर्यंत सगळं काढायचं.

डॉक्टरांना विचारायचे माझे प्रश्न असे होते: किडनी ठेवता येईल का, नसेल तर का? दुसरी किडनी किती काम करते? ऑपरेशननंतर पिशवीत केमोचा एक डोस सोडणार का? हा डोस पिशवीत नवी गाठ येण्याची शक्यता कमी करतो. केमोथेरपी लागली तर आधी की नंतर? शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी विचारा. यातलं मुख्य औषध सिस्प्लॅटिन, आणि ते द्यायला किडनी चांगली लागते. एक किडनी काढल्यावर ते पेलेल का, याचा हिशेब ऑपरेशनच्या आधी व्हायला हवा. नंतर द्यायची ठरली तर साधारण ९० दिवसांच्या आत सुरू करतात.

पायरी ७: नाशिकमध्ये कुठं, पैशांचं काय

सरकारी वाट धरायची असेल तर शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्ररोग आणि कर्करोग हे दोन्ही विभाग आहेत. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमधून तिकडे पाठवतात. शहरात खासगी यूरोलॉजिस्ट आणि कर्करोग रुग्णालयंही पुष्कळ. माझं मत विचाराल तर दवाखान्याची इमारत बघू नका. ‘मूत्रवाहिनीच्या गाठीची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?’ हे सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, पण योजनेतल्या रुग्णालयात आणि पूर्वमंजुरी मिळाल्यावरच. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघून घ्या. तात्यांच्या आधारवर वडिलांचं नाव एका अक्षरानं वेगळं होतं, त्यात आमचे चार दिवस गेले.

दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरणं सोयीचं. नुसते रिपोर्ट नेऊ नका. सीटीची सीडी न्या, आणि पॅथॉलॉजी लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकड्याचा ब्लॉक मागून घ्या. तिथले डॉक्टर तुकडा पुन्हा स्वतः तपासतात. ब्लॉक आठवला नाही म्हणून तसेच परत आलेले लोक मी गाडीत पाहिलेत.

पायरी ८: घरी आल्यावर

अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट दहा-पंधरा दिवसांनी येतो. त्यात गाठ किती खोल गेली ते टीए, टी१, टी२ अशा अक्षरांत असतं. टी२ म्हणजे स्नायूत शिरली. कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, हेही बघा. तात्यांची टी१ निघाली, म्हणजे स्नायूपर्यंत न पोचलेली, कडा मोकळ्या. केमो लागली नाही.

बरेच जण इथं फाइल कपाटात ठेवतात. तेच धोक्याचं. नरसाळ्यातल्या किंवा मूत्रवाहिनीतल्या गाठीवर उपचार झाल्यानंतर चारातल्या एकाला, काही ठिकाणच्या अनुभवात जवळजवळ दोनातल्या एकाला, पुढं पिशवीत गाठ येते. दुसऱ्या बाजूच्या नळीत येण्याचं प्रमाण त्यामानानं बरंच कमी, शंभरात दोन ते सहा. म्हणून तीन महिन्यांनी पिशवीची दुर्बीण, मग डॉक्टर सांगतील त्या अंतरानं पुन्हा पुन्हा, मधूनमधून सायटोलॉजी आणि सीटी. किडनी ठेवली असेल तर त्या बाजूच्या नळीतही दुर्बीण घालून बघतात, म्हणजे तुमचे हेलपाटे जरा जास्तच.

तात्यांना नवव्या महिन्यात पिशवीत मसुराएवढी एक गाठ निघाली. तपासणीत सापडली, तेव्हा रक्ताचा थेंब दिसलेला नव्हता. दुर्बिणीतूनच खरवडून काढली, दुसऱ्या दिवशी घरी.

तात्यांकडे फवारणीची वही असते. कोणत्या प्लॉटला कधी काय मारलं, एकरी किती पाणी, पाऊस पडला का, सगळं त्यात. आता तिच्या मागच्या पानांवर त्यांनी स्वतः रकाने पाडलेत: तारीख, लघवीचा रंग, क्रिएटिनिन, दुर्बीण. रंगाच्या रकान्यात रोज ‘साफ’ असं लिहितात. बिडी बंद केली त्या दिवसाचीही नोंद आहे, आणि तिच्याखाली दोन ठिकाणी ‘एक ओढली’ असंही प्रामाणिकपणे लिहिलंय. पुढची दुर्बीण नेमकी गोडी छाटणीच्या आठवड्यात येतेय. मजूर ठरलेले होते. परवा तात्यांचा फोन आला, मुकादमाला सांगून छाटणी चार दिवस पुढं ढकललीय म्हणाले, आणि विचारत होते, येताना पांढऱ्या झाकणाची डबी आणू का, की तिथंच देतील.